प्रमाणपत्रांची फाईल भरली, पण मुलं अजून अडखळतात

पत्र : मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. वाचन आणि पायाभूत साक्षरता या विषयांवरचे जेवढे ऑनलाइन कोर्स समोर आले, तेवढे सगळे मी केले. काही शाळेने सांगितले म्हणून, काही स्वतःहून. प्रमाणपत्रांची फाईल भरली आहे. खरं सांगायचं तर बरेच व्हिडिओ मी घरची कामं करता करता नुसते लावून ठेवले आणि शेवटची प्रश्नावली कशीबशी सोडवली. माझ्या वर्गात पाच-सहा मुलं अशी आहेत की ती अजून नीट वाचत नाहीत. त्यांच्याकडे पाहिलं की वाटतं, एवढे कोर्स करून मला काय आलं? आता भाषा आणि साक्षरता शिक्षणाचा एक वर्षाचा ऑनलाइन डिप्लोमा समोर आला आहे. इंग्रजीतून आहे, फी स्वतःच्या खिशातून भरायची आहे आणि मुदत लवकरच संपते आहे. घेऊ का? की दुसरा एखादा चांगला कोर्स सुचवाल? शिवाय शिक्षकांच्या चार-पाच ग्रुपवर रोज इतकं साहित्य येतं की नुसतं बघायचं म्हटलं तरी वेळ पुरत नाही. त्याचं काय करू?
– एक शिक्षिका

उत्तर :

ताई,

डिप्लोमाचा अर्ज यंदा भरू नका. तुमच्यात काही कमी आहे म्हणून हे सांगत नाही, आणि तो डिप्लोमा वाईट असेल असंही मला म्हणायचं नाही. तुमच्या पत्रात त्या पाच-सहा मुलांबद्दल एकच वाक्य आहे : ती नीट वाचत नाहीत. ती वाचायला बसली की नेमकं काय करतात, हे पत्रात कुठेच नाही. ते कळल्याशिवाय तुम्हाला कोणता कोर्स उपयोगी पडेल हे मला सांगता येणार नाही, आणि डिप्लोमा चालवणाऱ्यांनाही नाही.

व्हिडिओ लावून ठेवून कामं उरकली, याचं तुम्हाला फार वाईट वाटतंय असं दिसतं. ते मनाला लावून घेऊ नका. अगदी वही-पेन घेऊन, एकाग्र होऊन तेच व्हिडिओ पाहिले असते, तरी वर्गात फार वेगळं घडलं असतं असं मला वाटत नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शोअर्स हे शिक्षक प्रशिक्षणाचे अभ्यासक १९८० च्या दशकापासून हेच मांडत आले. तत्त्व समजावून सांगणं, पाठ करून दाखवणं, प्रशिक्षणाच्या जागी सराव करून घेणं, या सगळ्यानंतरही नवी पद्धत रोजच्या वर्गात फारशी उतरत नाही. ती उतरते तेव्हा बहुतेक वेळा शिक्षकाबरोबर कुणीतरी असतं. ते त्याच वर्गाकडे बघतं, त्यावर बोलतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारतं. तुम्ही केलेल्या कोर्समध्ये असं कुणी नव्हतं. ती उणीव कोर्सची आहे.

आता मुलांकडे येऊ. एक छोटं उदाहरण घेते. चित्रात झाड आहे, फांदीवर एक पक्षी आहे आणि खाली लिहिलं आहे : 'छोटी मैना झाडावर बसली होती.'

एक मुलगा वाचतो, 'छोटी मना झाडवर बसल होती.' दुसरी मुलगी न अडखळता, छान आवाजात वाचते, 'छोटी चिमणी झाडावर बसली होती.' तिसरा मुलगा एकेक अक्षर बोटाने दाबत वाचतो, 'छो... टी... मै... ना... झा... डा... व... र...' त्याचं एकही अक्षर चुकत नाही, पण वाक्य संपल्यावर 'कोण बसलं होतं रे?' असं विचारलं तर तो पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात करतो.

तपासणीच्या तक्त्यात या तिघांपुढे एकच शेरा पडतो : वाचनात मागे. प्रत्यक्षात तिघांची अडचण वेगळी आहे आणि उपायही वेगळे आहेत. पहिल्याला मूळ अक्षरं येतात, पण काना-मात्रांकडे त्याची नजर जात नाही. 'छोटी' आणि 'होती' हे शब्द त्याला बरोबर आले ते बहुधा अख्खे पाठ आहेत म्हणून. दुसरी मुलगी वाचतच नाही, चित्र पाहून अंदाज करते. तिचा अंदाज इतका सुरेख असतो की भरलेल्या वर्गात ती वाचणाऱ्या मुलांत गणली जाते. मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते. चित्रं कमी झाली आणि उतारे लांबले की ती एकदम उघडी पडते, आणि मग सगळे म्हणतात, 'गेल्या वर्षीपर्यंत तर छान वाचायची!' तिसऱ्याला अक्षरं येतात, मात्रा येतात, पण त्यांची ओळख पटवण्यातच त्याचं सगळं लक्ष खर्च होतं. अर्थासाठी काही उरत नाही.

चौथ्या प्रकारचं मूलही तुमच्या वर्गात असू शकेल. ते सरळ, वेगात, अचूक वाचतं आणि त्याला काहीच समजलेलं नसतं, कारण उताऱ्यातली भाषाच त्याच्या घरची नसते. हे ओळखायची सोपी युक्ती आहे. तोच उतारा तुम्ही त्याला वाचून दाखवा आणि गोष्ट विचारा. ऐकून समजतंय पण वाचून समजत नाही, तर अडचण अक्षरांपासून शब्दापर्यंत पोहोचण्यात आहे. ऐकूनही समजत नाही, तर अडचण भाषेत आहे आणि तिथे बाराखडीचा कितीही सराव घेतला तरी उपयोग नाही. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं, त्यातून ही युक्ती निघते. लिहिलेलं उलगडता येणं आणि भाषा समजणं या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे वाचून समजणं, असं ते सूत्र सांगतं. बेरीज नव्हे, गुणाकार. म्हणजे दोन्हींपैकी एक शून्य असेल तर दुसरं कितीही भक्कम असलं तरी उत्तर शून्यच. तुम्ही केलेल्या कोर्समध्ये हे सूत्र कदाचित येऊनही गेलं असेल. समोर एखादं ठरावीक मूल नसताना ते ऐकलं, म्हणून ते राहिलं नाही.

तेव्हा येत्या आठवड्यात हे एवढंच करा. त्या पाच-सहा मुलांना एकेकटं घेऊन बसा. त्यांनी पूर्वी न वाचलेला, पन्नासेक शब्दांचा उतारा द्या, शक्यतो चित्राशिवाय. फोन टेबलावर ठेवून फक्त आवाज रेकॉर्ड करा. उताऱ्याची दुसरी प्रत तुमच्या हातात ठेवा आणि मूल जिथे चुकेल तिथे शब्दाच्या वर त्याने काय म्हटलं ते जसंच्या तसं लिहा. त्याने शब्द गाळला तर रेघ मारा, स्वतःहून चूक सुधारली तर तीही नोंदवा. वाचताना मध्ये सुधारू नका. ते जड जातं, चुकीचा शब्द ऐकला की आपल्या तोंडून बरोबर शब्द आपोआप निघतो. पण तेवढी मिनिटं कळ काढा. शेवटी 'काय झालं या गोष्टीत?' एवढं विचारा. मोठ्या वर्गासमोर हे करू नका. तिसरीतल्या मुलाला आपल्याला वाचता येत नाही हे पक्कं ठाऊक असतं, आणि इतरांसमोर अडखळण्यापेक्षा ते खोकला आल्याचं, पान हरवल्याचं निमित्त काढेल.

या नोंदी समोर ठेवून बसलात की निम्मं काम झालं. चुकांमध्ये एक ठरावीक धाटणी दिसायला लागेल. मात्रा गाळणाऱ्या मुलाला पुन्हा पूर्ण बाराखडी म्हणायला लावू नका. ती त्याला पाठ असते, तो चालीवर म्हणतो आणि नजर कुठेच नसते. त्यापेक्षा एका मात्रेनेच फरक पडतो असे शब्द शेजारी शेजारी द्या : कर, कार, केर, कोर. मळ, माळ, मेळ. तुम्ही एक शब्द बोला, त्याला त्यावर बोट ठेवू दे. मग तुम्ही बोला आणि त्याला लिहू दे. लिहिताना मात्रा सहज गाळता येत नाही, हाताला थांबावं लागतं. अंदाज करणाऱ्या मुलीला आधी चित्र झाकून मजकूर द्या आणि वाचून झाल्यावर चित्र दाखवा. 'तू चिमणी म्हणालीस, चिमणीत पहिलं अक्षर कोणतं? इथे कोणतं आहे?' एवढाच प्रश्न, शांतपणे, दर वेळी. अक्षरं दाबत वाचणाऱ्याला तोच छोटा उतारा दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा वाचू द्या. वाचनाचे अभ्यासक एस. जे सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये ही पुनर्वाचनाची पद्धत मांडली आणि तिचा उपयोग आजही होतो. चौथ्या मुलाशी मात्र बोला, त्याला गोष्टी वाचून दाखवा, त्याच्या घरच्या भाषेतला शब्द विचारा आणि त्याच्या शेजारी तुमचा शब्द ठेवा.

हे इतकं सविस्तर लिहिलं, कारण कोर्स निवडायची कसोटी यातूनच मिळते. मात्रा गाळणाऱ्या मुलाचा प्रश्न तुमच्या डोक्यात असेल, तर वीस मॉड्यूलच्या कोर्समधलं एखादंच मॉड्यूल तुमच्या कामाचं निघेल. तेवढंच बघा, दोनदा बघा. बघून झाल्यावर फोन बाजूला ठेवून आठवेल ते कागदावर उतरवा आणि मग पुन्हा पडताळा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगांत असं दिसलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्याने अधिक लक्षात होता. मुलांना जे लागू आहे ते आपल्यालाही आहे. त्यातली एक कृती दोन दिवसांच्या आत वर्गात करून बघा. उरलेली मॉड्यूल सोडून द्यायला काही हरकत नाही. शाळेला प्रमाणपत्र हवंच असेल तर ते जरूर पूर्ण करा, पण 'हे शाळेसाठी' आणि 'हे माझ्या मुलांसाठी' असे दोन वेगळे हिशेब ठेवा. दोन्ही एकाच फाईलमध्ये गेले म्हणून तुम्हाला असं रितं वाटतंय.

डिप्लोमा इंग्रजीतून आहे, असं तुम्ही लिहिलंत. तुम्हाला इंग्रजी समजतं की नाही हा मुद्दा नाही. प्रश्न वेगळा आहे, आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही म्हणून थोडं लांबवते. वाचन कसं शिकलं जातं याबद्दलचं बरंचसं संशोधन इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवर झालेलं आहे. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० मध्ये अहवाल दिला, त्यातले पाच घटक आज जवळपास प्रत्येक कोर्सच्या पहिल्या भागात असतात : शब्दातले सुटे ध्वनी ओळखणं, ध्वनी आणि अक्षरांची जोडी, न अडखळता वाचण्याचा ओघ, शब्दसंग्रह आणि आकलन. हे पाचही आपल्याला हवेतच. पण त्यांचं वजन आणि क्रम लिपीप्रमाणे बदलतो. इंग्रजीत अक्षरं २६, पण एकाच अक्षराचे उच्चार अनेक. आपल्याकडे उच्चार बऱ्यापैकी ठरलेला, पण मुलाला ओळखायची असतात ती मुळाक्षरं, त्यांच्या मात्रा आणि शिवाय जोडाक्षरं, म्हणजे शेकड्यांनी आकार. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. आपल्यासारखीच अक्षर आणि मात्रा असलेली ती लिपी. त्यात दिसलं की अक्षरं पक्की व्हायला मुलांना कित्येक इयत्ता लागतात आणि शब्दातला सुटा ध्वनी वेगळा काढण्याची क्षमताही सावकाश येते. तिसरीतलं मूल जोडाक्षराशी अडखळतं यात गैर काही नाही, ते अजून शिकतंय. पण इंग्रजी कोर्समधला तक्ता हातात घेतला तर तेच मूल 'दोन वर्षं मागे' ठरतं.

अशा कितीतरी गोष्टी बाहेरच्या कोर्समध्ये सापडणार नाहीत. 'दिवा' या शब्दात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितो आणि नंतर उच्चारतो. 'सूर्य' मधला र डोक्यावर जाऊन बसतो. 'चमचा' आणि 'चहा' यांतला च लिहायला एक, म्हणायला वेगळा. 'कमळ' असं सुटं वाचणारं मूल 'क-म-ळ' म्हणतं, आणि त्याचा बोलण्यातला शब्द होण्यासाठी शेवटचा 'अ' गिळावा लागतो, हे त्याला कुणी सांगत नाही. काही मुलं केवळ इथे अडतात. त्यांनी अक्षरं जोडली, पण ऐकू आलेला शब्द ओळखीचा वाटला नाही. मिनिटाला इतके शब्द वाचता आले पाहिजेत, ही मोजपट्टीसुद्धा उचलून आणू नका. 'घराजवळच्या' हा आपला एक शब्द आहे, इंग्रजीत त्याचे तीन-चार होतील. वेग मोजायचा तर त्याच मुलाचा आजचा वेग त्याच्याच मागच्या महिन्याच्या वेगाशी ताडून बघा.

कोर्स पारखायचा झाला तर मी आधी या दोन गोष्टी बघते. एक, त्यात मुलांच्या 'शिकण्याच्या शैली' सांगितल्या आहेत का, म्हणजे कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हालचालीतून, आणि त्याप्रमाणे शिकवा? मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या कल्पनेचा आढावा घेतला तेव्हा तिला पुरेसा आधार सापडला नाही. तरी ती कोर्समधून जात नाही. ती असेल तर समजा की मजकूर बरीच वर्षं कुणी तपासलेला नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अडलेल्या शब्दाशी 'चित्र बघ, पुढचं वाक्य वाच आणि काय असेल ते ओळख' असं मुलांना सांगायला शिकवत असतील, तर तो कोर्स तिथेच बंद करा. वाचन म्हणजे एक प्रकारचा अंदाजाचा खेळ, अशी मांडणी केनेथ गुडमन यांनी १९६७ मध्ये केली आणि ती जगभर पसरली. पुढे डोळ्यांच्या हालचालींच्या अभ्यासातून उलट चित्र पुढे आलं : सराईत वाचक बहुतेक शब्दांवर नजर टेकवतो, अक्षरं बघतो. शब्द ओळखण्यासाठी अंदाजाचा आधार ज्याला अक्षरं साधत नाहीत, त्यालाच जास्त घ्यावा लागतो. आपली 'चिमणी'वाली मुलगी अशाच सल्ल्यातून तयार होते.

आता तुमच्या पत्रामागचा मोठा प्रश्न. ऑनलाइन शिकून शिक्षकाचं शिकवणं खरंच सुधारतं का? सुधारू शकतं, पण एका अटीवर, आणि ती अट दोन अभ्यास शेजारी ठेवले की लख्ख दिसते.

दक्षिण आफ्रिकेत सरकारी प्राथमिक शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याबद्दलचा एक मोठा प्रयोग झाला. २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही शाळांमध्ये मार्गदर्शक प्रत्यक्ष वर्गात यायचे. इतर काही शाळांतल्या शिक्षकांना टॅबलेटवर पाठ दिले आणि मार्गदर्शन फोन व संदेशांवरून. तीन वर्षांनी, प्रत्यक्ष मार्गदर्शन मिळालेल्या वर्गांतली मुलं इंग्रजी बोलण्यात आणि वाचण्यात दोन्हींत पुढे गेली. दूरवरच्या मार्गदर्शनाने बोलणं थोडं सुधारलं, वाचन मात्र जागचं हललं नाही. त्याहून वाईट म्हणजे त्या वर्गांत मुलांच्या घरच्या भाषेतलं वाचन मागे पडलं, कारण नव्या कार्यक्रमाने तिचाच वेळ खाल्ला. टॅबलेट चालत नव्हते असं झालं नाही. प्रत्यक्ष येणाऱ्या माणसामुळे जो आधार मिळत होता आणि जी जबाबदारी वाटत होती, ती फोनवर उरली नाही, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला, २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला. ७८ माध्यमिक शिक्षक. तोही दूरवरूनच. पण तिथे शिक्षक आपल्याच वर्गाचं रेकॉर्डिंग ठरावीक काळाने पाठवायचे. मार्गदर्शक त्यातले छोटे तुकडे निवडायचे, शिक्षक ते पाहून प्रश्नांची उत्तरं लिहायचे आणि मग फोनवर बोलणं व्हायचं. कार्यक्रम संपल्यानंतरच्या वर्षी त्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांचे निकाल लक्षणीय सुधारले. हा अभ्यास वाचनाचा नाही आणि मुलंही मोठी होती, हे खरं. तरी मला त्यातून हेच दिसतं की माणूस खोलीत आहे की पडद्यावर, यापेक्षा तो बोलतोय ते तुमच्या वर्गाबद्दल का, हे महत्त्वाचं आहे. शिक्षणाचे संशोधक क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा मार्गदर्शनावरचे ६० अभ्यास एकत्र तपासले. शिकवणं सुधारतं, मुलांचं शिकणंही सुधारतं, असं त्यांना दिसलं. पण कार्यक्रम जितका मोठा आणि जितके शिक्षक जास्त, तितका परिणाम पातळ होतो, हेही त्यांनी नोंदवलं. हजारोंसाठी एकाच वेळी चालणाऱ्या वेबिनारकडून फार अपेक्षा का ठेवू नये, ते यावरून कळेल.

म्हणून डिप्लोमा चालवणाऱ्यांना आत्ताच एक मेल लिहा. विचारा : या वर्षभरात मला माझ्या वर्गातल्या मुलाचं वाचन नोंदवून पाठवावं लागेल का? ते कोण ऐकणार? त्यावर मला, माझं नाव घेऊन, कुणी उत्तर देणार का आणि किती वेळा? ते उत्तर देणाऱ्याला देवनागरी वाचता येते का? चारही उत्तरं समाधानकारक आली, तर पुढच्या प्रवेशाच्या वेळी घ्या, आणि तोवर तुमच्या नोंदींमधून निघालेले दोन-तीन पक्के प्रश्न हातात असू देत. 'वाचन साहित्य, व्हिडिओ आणि वस्तुनिष्ठ परीक्षा' एवढंच उत्तर आलं, तर तो पैसा वाचवा. त्यातून मुलांना वाचायला गोष्टीची पुस्तकं आणलीत तर जास्त उपयोग होईल.

तुमचं ऐकून घेणारं माणूस मात्र वर्षभर थांबून शोधू नका. शाळेत शेजारच्या वर्गाच्या बाई असतील, दुसऱ्या शाळेतली जुनी मैत्रीण असेल. त्यांना 'माझा तास बघून सांगा' असं म्हणू नका. त्यात तपासणीचा वास येतो आणि दोघींनाही अवघडतं. त्याऐवजी एका मुलाचं चार मिनिटांचं वाचन त्यांना ऐकवा आणि विचारा, 'हा नेमकं काय करतोय, तुम्हाला काय वाटतं?' बोलणं मुलावर राहिलं की बाई चुकल्या की बरोबर हा विषयच निघत नाही. मग त्यांच्या वर्गातलं एक मूल तुम्ही ऐका. दर पंधरवड्याला एकदा, समोरासमोर जमलं नाही तर फोनवर. अनेक शिक्षकांबरोबर असं ऐकायला बसले आहे, म्हणून खात्रीने सांगते, पहिल्या एक-दोन वेळा दोघींनाही फक्त 'चुकतोय' एवढंच ऐकू येतं. नंतर कान तयार होतो. कुठे थांबला, कुठे परत फिरला, कुठली मात्रा गिळली, हे ऐकू येऊ लागतं. यासाठी मुलांचे चेहरे टिपायची गरज नाही, आवाज पुरतो. तरी मुख्याध्यापकांच्या आणि पालकांच्या कानावर घाला, रेकॉर्डिंग कुठल्याही ग्रुपवर टाकू नका आणि काम झालं की पुसून टाका.

ग्रुपांचं सोपं आहे. जिथे शिक्षक मुलांच्या वाचनाबद्दल प्रश्न विचारतात आणि कुणीतरी उत्तर देतं, असा एक ठेवा. बाकीच्या ग्रुपांचा आवाज बंद करून ते राहू द्या. तिथल्या वर्कशीट हुकल्या म्हणून तुमच्या वर्गाचं काही नुकसान होणार नाही.

राहिला वेळ. एकेका मुलाला घेऊन बसायचं तर बाकीचा वर्ग काय करणार, हे तुम्ही विचाराल. त्या वेळात इतरांना जोडीने वाचायला द्या, एक वाचेल, दुसरा ऐकून एक प्रश्न विचारेल. पहिले काही दिवस गोंगाट होईल, मग बसतं. रोज एकच मूल घ्या, दहा मिनिटं. आठवड्याभरात सगळी पाच-सहा होतील. आणि मुख्याध्यापकांकडे जाल तेव्हा मोकळ्या हाताने जाऊ नका. दोन मुलांच्या नोंदी सोबत न्या, शेजारी शेजारी ठेवा, वाचून दाखवा आणि पंधरवड्यातली एक तासिका शेजारच्या बाईंबरोबर एकाच वेळी मोकळी मागा. नोंदी पाहिल्यावर नाही म्हणणं त्यांना अवघड जाईल. तरीही नाहीच म्हणाले, तर शाळा सुटल्यावरची पंधरा मिनिटं ठरवून घ्या आणि महिन्याभराने त्याच दोन मुलांच्या नव्या नोंदी घेऊन पुन्हा त्यांच्याकडे जा.